वृत्तपत्राचे ऋण कोणी फेडायचे?

वृत्तपत्र हा समाजाचा आरसा आहे, असे वाक्य विद्यार्थी मित्रांनी निबंधात अनेकदा लिहिले असेल. परंतु त्या आरशाचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न निबंधात येत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

आपण काही रुपये देऊन सकाळी पेपर घेतो. कागद, शाई, छपाई, सोलापूरहून येणारी गाडी, विक्रेत्याचे कमिशन आणि बातमीदाराचा पगार यांचा खर्च एवढ्या पैशात निघत नाही. तूट जाहिरातदार भरून काढतो. म्हणजे वाचक हा मालकाचे खरे गिऱ्हाईक नसून, जाहिरातदारापुढे मांडलेला माल आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हा हिशेब अनेक दशके चालला. पुढे नोकरी, घर, वधू-वर यांच्या छोट्या जाहिराती मोबाईलवर गेल्या, मोठ्या जाहिराती गुगल आणि फेसबुककडे वळल्या आणि पायाच खचला. अमेरिकेतील डेन्व्हर शहराचे 'रॉकी माउंटन न्यूज' हे दैनिक दीडशे वर्षे पुरी व्हायला दोन महिनेही उरले नसताना, फेब्रुवारी २००९ मध्ये बंद पडले. मुंबईच्या 'डीएनए' या इंग्रजी दैनिकाची छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली.

वृत्तपत्र पैशावाचून मरते, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'ने मात्र 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि काही काळाने ते पत्र बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडचा सत्याग्रह, वकिली, अध्यापन हे सारे सांभाळून बाबासाहेब अंकाचे चोवीस-चोवीस रकाने स्वतः लिहून काढीत. वर्गणीदार पुरेसे नव्हते, मदत तुटपुंजी होती. तेव्हा त्यांनी आपल्याच लोकांना एक रोखठोक प्रश्न विचारला. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा त्यांचा लेख विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही पत्र थांबले. सुमारे वर्षभराने 'जनता' निघाली आणि १९५६ साली तिचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.

याची दुसरी बाजूही बाबासाहेबांनीच दाखविली. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात ते म्हणाले की, भारतातील पत्रकारिता पूर्वी एक पेशा होती, आता ती धंदा झाली आहे आणि साबण तयार करण्याहून अधिक नैतिक कार्य तिच्याकडे उरलेले नाही. त्या वेळी वृत्तपत्रे बुडत नव्हती, भरभराटीत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. तेव्हा कंपनी टिकली म्हणजे पत्रकारिता टिकली, असे समजण्याचे कारण नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेली. पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त उघड केले. एकच मजकूर शब्दाशब्दासह वेगवेगळ्या वृत्तपत्रांत आला होता. त्या वृत्तपत्रांना टाळे लागण्याची वेळ आलेली नव्हती.

आपल्या गावाचेच पाहू. बाबासाहेबांच्या विहिरीमुळे एप्रिल महिन्यात वळसंगचे नाव पेपरात येते. उन्हाळ्यात वस्तीला पाण्यासाठी किती थांबावे लागते, हे मात्र येत नाही. काही वर्षांपूर्वी मी त्याविषयी चार ओळी लिहून एका वार्ताहराकडे दिल्या होत्या. त्याने विचारले, "जयंतीची जाहिरात किती देताय?" मला राग आला. नंतर कळले की त्याला पगार नव्हता. जाहिरातीच्या कमिशनवरच त्याचे घर चालत होते. (ही स्मरणिकाही दुकानदारांच्या जाहिरातींवरच निघते, हे सांगितले पाहिजे.) गावचा बातमीदार असा अर्धपोटी ठेवला, तर सरपंचाला किंवा कंत्राटदाराला तो काय विचारणार?

मग पुढे काय? व्हॉट्सॲपवर बातमी फुकट येते, पण ती खरी आहे का हे तपासायला कोणी तहसील कार्यालयात जात नाही. तपासाला माणूस लागतो आणि त्या माणसाला भाकरी लागते. काही ठिकाणी वेगळे प्रयत्न चालू आहेत. उत्तर प्रदेशातील चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' निघाले. त्यात लिहिणाऱ्या ग्रामीण स्त्रिया, त्यांतही दलित स्त्रिया बऱ्याच. छापील अंक थांबल्यावर त्यांनी मोबाईलवरून बातमीदारी सुरू ठेवली. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले 'पारी' हे संकेतस्थळ खेड्यांतील जीवनावर मराठीतही मजकूर देते, जाहिरात घेत नाही, देणग्यांवर चालते. हे मार्ग पुरेसे आहेत असे मला वाटत नाही. देणगीदार बदलला की हात आखडतो. हजार माणसांची छोटी वर्गणी त्यापेक्षा भरवशाची, पण ती गोळा करणे कठीण, हे 'बहिष्कृत भारत'च्या हिशेबावरून दिसतेच.

आमच्या लहानपणी वस्तीत एकच अंक यायचा. शिकलेला एखादा मुलगा कंदिलाजवळ बसून वाचायचा आणि पंधरा-वीस माणसे ऐकायची. वर्गणी मात्र एकाच्याच नावावर असे. बाकीच्यांनी कधी वाटा दिला का, असे मी वडिलांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "मागितलाच नाही कुणी."