चढ, उतार आणि शिरस्त्राण

रत्नागिरी

चि. बाळ यास,

तू सुट्टीच्या दिवशी भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत आणि कधी आरे-वारेच्या मार्गाने गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने जातोस, हे ऐकून समाधान वाटले; परंतु शिरस्त्राण मात्र घरी खुंटीवर लटकत असते, अशी तुझ्या आईची तक्रार आहे, आणि तिच्यावर तुझी कैफियत अशी की, एक तर या दमट हवेत डोके घामाने निथळते, आणि दुसरे, तुला सायकल उत्तम चालवता येते.

पहिल्या हरकतीत तथ्य आहे, आणि ती तुझ्याआधी मातब्बरांनीही घेतली आहे. १९९१ साली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शिरस्त्राणाची सक्ती करू पाहिली, तेव्हा व्यावसायिक स्पर्धकांनी पॅरिस-नीस शर्यतीत चक्क संप पुकारला, आणि महासंघास आपले फर्मान गुंडाळावे लागले.

दुसऱ्या हरकतीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. फाबियो कासार्तेली हा १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा मानकरी. त्याच्याहून तू निष्णात आहेस, असे तुझी आजीसुद्धा म्हणणार नाही. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या उतारावर तो पडला, आणि त्याचे उघडे मस्तक कडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळले. शिरस्त्राणाने तो वाचलाच असता, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. कौशल्याने वाचला नाही, एवढे निर्विवाद. पुढे २००३ मध्ये आंद्रेई किविलेव हा स्पर्धक त्याच पॅरिस-नीस शर्यतीत पडून दगावला, तेव्हा सक्ती आली. प्रारंभी शेवटच्या चढणीवर शिरस्त्राण काढण्याची मुभा होती, नंतर तीही गेली.

आपल्याकडे पडण्यास शर्यत लागत नाही. पावसाळ्यात दरडीवरून वाहून आलेली जांभ्याची तांबडी खडी नेमकी वळणावर पसरते, मासळीच्या टेम्पोतून गळलेल्या पाण्याने डांबर बुळबुळीत होते, आणि तेथे ब्रेक दाबताच पुढचे चाक असे निसटते की, हात टेकण्याच्या आत कानशील जमिनीला लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील शिरस्त्राणाचे कलम मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, तेव्हा तुला कोणी हवालदार अडवणार नाही. म्हणूनच हा पत्रप्रपंच.

शिरस्त्राणाच्या आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चिरडला जाऊन आघाताचा जोर पचवतो. म्हणून एकदा जोरात आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. घालताना ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसले पाहिजे. मागे कलते ठेवण्याची तुमची तऱ्हा कपाळ उघडे टाकते. पट्टे कानाखाली जुळावेत, आणि हनुवटीशी जेमतेम बोट शिरेल इतकेच सैल असावेत.

तुझे सध्याचे डोक्यावर डुगडुगते, असे आई म्हणते. तेव्हा भुवयांच्या वरून मापफीत फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये कळव. नवे मी पाठवतो. रंग मात्र भडक निवडीन, त्यावर हरकत चालणार नाही.

तुझा,
काका