शहरांतील खोकडाचीं पिलें

इसापाच्या गोष्टींतील ज्या धूर्त कोल्ह्याशीं क्रमिक पुस्तकांतून आपला परिचय होतो, तो आपल्या रानांत रात्रीं कोल्हेकुई करणारा कोल्हा नव्हे. युरोपांतील तो प्राणी म्हणजे तांबडा खोकड होय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरांत ज्याच्या बिळांचा उल्लेख आहे, तोही खोकडच. दख्खनच्या माळावरील आपला खोकड ह्याच कुळांतला. मात्र तो आकारानें लहान असून त्याच्या झुपकेदार शेंपटाचें टोंक काळें असतें. तांबड्या खोकडाचें बहुधा पांढरें असतें. ह्या तांबड्या खोकडाच्या पिलांविषयीं आम्ही आज चार गोष्टी सांगूं इच्छितों.

हा मूळचा रानांतला प्राणी शहरांत कसा आला? १९१८ नंतरच्या वीस वर्षांत लंडनच्या सभोंवतीं नव्या वस्त्या पसरल्या. घरोघरीं मागें बाग, कुंपणाची झाडी आणि अवजारें ठेवण्याची लांकडी खोपी. १९३० नंतरच्या दशकांत खोकड ह्या बागांत शिरूं लागले, आणि आज लंडन, ब्रिस्टल इत्यादि शहरांत ते नित्याचे रहिवासी आहेत. गांडुळें, किडे, उंदीर, पांखरें, पडलेलीं फळें व माणसांनीं टाकलेलें उष्टें ह्यांवर त्यांचा निर्वाह चालतो. आणि खोपीच्या तळाखालीं बीळ करण्यास कोरडी जागा मिळते.

मार्चच्या मध्याच्या सुमारास मादी बहुधा चार-पांच पिलांस जन्म देते. जन्मतः पिलूं सुमारें १०० ग्रॅम वजनाचें, आंधळें, बहिरें व गडद तपकिरी लवेचें असतें. पहिले दोन आठवडे त्यास स्वतःच्या शरीराची ऊब राखतां येत नाहीं, म्हणून आई बीळ सहसा सोडीत नाहीं. नर तिच्यासाठीं भक्ष्य आणितो. पुढें डोळे उघडतात. ते प्रथम निळे असतात व महिन्याभरानें पिंगट होतात. एप्रिलच्या अखेरीस पिलें बिळाबाहेर येऊं लागतात, आणि मे महिन्यांत हिरवळीवर त्यांच्या झोंब्या व पळवापळवी भर दिवसाही चालूं असते.

ह्याच सुमारास एक चूक वारंवार घडते. एखाद्या गृहस्थास बागेंत पिलूं एकटेंच दिसतें. आई कोठेंच नाहीं. तें पोरकें झालें असें समजून तो कनवाळूपणानें त्यास उचलून घरांत नेतो. वस्तुस्थिति बहुधा निराळी असते. पिलें वाढूं लागलीं म्हणजे आई दिवसा बिळापासून दूर विसांवा घेते. आणि बिळाजवळ गडबड झाल्यास एकेक पिलूं तोंडांत धरून दुसऱ्या बिळांत नेते. ही ने-आण चालूं असतां मागें राहिलेलें पिलूं पोरकें दिसतें, परंतु आई त्याच्यासाठीं परत येणार असते. शिवाय माणसाच्या हातून वाढलेल्या पिलाची माणसांविषयींची भीति नष्ट होते, आणि रानटी जीवनांत तीच भीति त्याचें रक्षण करीत असते. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात कीं, पिलूं धडधाकट असेल तर आपण दूर व्हावें, कुत्रें आंत घ्यावें व आईची वाट पाहावी. डोळे न उघडलेलें, जखमी अथवा आजारी पिलूं बाहेर दिसल्यास मात्र वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेस लगेच कळवावें.

आपल्या देशांत सावध राहण्यास आणखी एक कारण आहे. ब्रिटनमधील खोकडांत रेबीज हा रोग नाहीं. भारतांत मात्र कुत्रीं, कोल्हे इत्यादि प्राण्यांपासून तो माणसास होतो, व त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी सहसा वांचत नाहीं. चावा अथवा ओरखडा लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पाश्चरनें १८८५ सालीं दाखविलेला हा लशीचा मार्ग आजही तारक आहे. रानटी पिलें पकडून पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही निषिद्ध आहे.

उन्हाळ्याच्या सुटींत तुमच्यापैकीं जे पुणें किंवा सोलापूर जिल्ह्यांतील माळरानाकडील गांवीं जातील, त्यांस खोकडाचें बीळ आढळण्याचा संभव आहे. त्यांत हात अथवा काठी घालूं नये. दूर, झुडुपाआड बसून पिलें किती, आई केव्हां येते, तोंडांत काय आणिते, हें वहींत टिपून ठेवावें. शाळा उघडल्यावर तीं टिपणें वर्गांत वाचावयास आम्हांस फार आनंद वाटेल.