डिस्क भरली, पण फाइल दिसेना

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर ‘डीएफ’ डिस्क १०० टक्के भरल्याचं सांगतं, पण ‘डीयू’ची बेरीज जेमतेम निम्मी. मोठी लॉग फाइल तर कालच उडवली. जागा गेली कुठे?

उत्तर : बहुधा त्या उडवलेल्या फाइलीतच अडकली आहे. लिनक्समध्ये फाइल पुसली की आधी फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. ‘डीयू’ नावं धरून मोजतं, त्याला ती दिसणार कशी? रूट होऊन ‘एलएसओएफ +एल१’ चालवा, धरून बसलेला प्रोग्रॅम सापडेल. तेवढाच रीस्टार्ट करा. अख्खा सर्व्हर रीबूट करायची हौस आवरा. यापुढे चालू लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ने रिकामा करा. जुने लॉग आपोआप हटवणारं ‘लॉगरोटेट’ लावलेलं नसेल, तर तेही लावा.