बसण्याची जागा : इंग्रजीतील ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’

भाषांतर करताना आपल्याला धास्ती वाटते ती अवघड शब्दांची. चकवतात मात्र सोपे शब्द. ‘बसणे’ ही क्रिया मराठीत आणि इंग्रजीत सारखीच नित्याची. तरीही माणूस कोठे बसला आहे हे सांगताना इंग्रजी भाषक ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ यांतून जी निवड करतो, ती केवळ मराठीच्या सवयीवर विसंबून साधत नाही. या निवडीमागे कोणती दृष्टी आहे, ते प्रस्तुत पाठात पाहू.

प्रथम आसनांचा विचार करू. स्टूल किंवा बाक असेल तर इंग्रजीत ‘ऑन’ येते, कारण तेथे केवळ पृष्ठभागाचा आधार असतो. हात आणि उंच पाठ असलेल्या ऐसपैस खुर्चीसाठी मात्र ‘सिट इन ॲन आर्मचेअर’ असे म्हणतात. ती खुर्ची बसणाऱ्याला तिन्ही बाजूंनी सामावून घेते. साध्या खुर्चीला दोन्ही शब्द चालतात. सोफ्यालाही हात असतात, पण त्याला बहुधा ‘ऑन’ लागते. तो लांब असल्याने एकट्या माणसाला वेढत नाही, असे याचे स्पष्टीकरण देता येईल. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. आपणही ‘आरामखुर्चीत’ विसावतो आणि ‘स्टुलावर’ बसतो. ‘स्टुलात’ कोणी बसत नाही. कापलेल्या हिरवळीवर इंग्रजीत ‘ऑन द ग्रास’ आणि उंच गवतात ‘इन द लाँग ग्रास’, हा भेद मराठी ‘गवतावर’ आणि ‘गवतात’ यांत जसाच्या तसा आहे. घोडेस्वाराच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या होतात. इंग्रज स्वार ‘इन द सॅडल’ असतो, तर आपला खोगिरावर.

वाहनांचा नियम याहून चमत्कारिक आहे. मोटार आणि टॅक्सी यांना ‘इन’. बस, आगगाडी, विमान यांना सामान्यतः ‘ऑन’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला ‘ऑन’, असे शिक्षक सांगतात आणि ते पुष्कळसे खरेही आहे. पण मोडकळीस आलेल्या, मैदानात कायमच्या उभ्या असलेल्या बसमध्ये मुले खेळत असतील, तर ती ‘इन द बस’ असतात. बस तीच, आकारही तोच. फक्त प्रवास संपला आहे. म्हणजे ‘ऑन’ हा शब्द येथे जागेपेक्षा प्रवासी असण्याचे नाते सांगतो.

खरी अडचण ‘ॲट’ची. ‘सिट ॲट द टेबल’ म्हणजे टेबलाजवळ असणे एवढेच नव्हे. त्या टेबलाशी बसणाऱ्याचे काम जोडलेले असते : जेवण, लेखन, वाटाघाटी. पियानोवादक ‘ॲट द पियानो’ बसतो. केवळ सान्निध्य सांगायचे असेल, तर ‘बाय’ किंवा ‘नियर’ पुरते. आता मराठीकडे पाहा. आपण ‘पानावर’ बसतो. दुकानदार ‘गल्ल्यावर’ बसतो. पानावर बसलेला माणूस केळीच्या पानावर चढलेला नसतो, हे सांगावे लागत नाही. मराठीतील ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने कामाचे हे नातेही आपल्याकडे घेतले आहे. म्हणूनच ‘वुई सॅट ऑन द डायनिंग टेबल’ असे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. त्यात अडाणीपणा नाही, मराठीचे तर्कशास्त्र आहे. परंतु ऐकणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या डोळ्यांपुढे ताटांच्या मधोमध बसलेली मंडळी येतात. मुलाखतीत वा कार्यालयीन पत्रात ही चूक महाग पडू शकते.

उलट दिशेने भाषांतर करताना ‘ॲट’साठी ‘जवळ’ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘ती चुलीशी बसली होती’ या वाक्यात ती स्वयंपाकात गुंतली असावी असे जे सुचवले जाते, ते ‘चुलीजवळ’ने निसटते. आपला ‘शी’ हा प्रत्यय ‘ॲट’च्या सर्वांत निकटचा आहे, आणि भाषांतरकार त्याचा फार कमी उपयोग करतात.

क्रियापदाबाबतही एक सावधगिरी हवी. ‘ही इज सिटिंग’ याचे मराठी ‘तो बसत आहे’ नव्हे, ‘तो बसला आहे’ असे होते. मराठीत बसण्याची कृती पूर्ण झाल्यावर उरते ती बसलेली अवस्था. इंग्रजी त्या अवस्थेलाच चालू क्रिया मानते, आणि उभ्याचे खाली बसणे दाखवायला बहुधा ‘डाउन’ जोडते. ब्रिटनमध्ये बोलताना अनेक जण ‘ही वॉज सॅट’ असेही म्हणतात; औपचारिक लेखनात मात्र ते अशुद्ध गणले जाते.

आपली प्रगती तपासा

१. ‘सिटिंग अप इन बेड’ आणि ‘सिटिंग ऑन द बेड’ यांचे मराठी भाषांतर करा. ‘अंथरुणात’ आणि ‘अंथरुणावर’ यांपैकी कोणते रूप कोठे योजाल? सकारण लिहा.

२. ‘परीक्षेला बसणे’, ‘पंगतीला बसणे’, ‘दुकानावर बसणे’ या प्रयोगांत बसण्याची शारीरिक क्रिया कितपत शिल्लक आहे? आपल्या बोलीतील आणखी तीन प्रयोग घेऊन चर्चा करा.