चार भाषा येतात. जर्मनीत उपयोग होईल का?

प्रश्न : आम्ही सांताक्रूझला राहतो. मुलगी घरात मराठी, शेजारी गुजराती आणि कॉलेजात हिंदी-इंग्रजी बोलते. समाजशास्त्रात एम.ए. करायला तिला जर्मनीला जायचं आहे. या भाषांचा तिथे काही फायदा? – एक आई

उत्तर : प्रवेश अर्जात इंग्रजी किंवा जर्मनच मोजली जाईल. बाकीच्या भाषांचं मोल संशोधनात कळतं.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचंच पाहा. जन्म ब्रह्मदेशात, शिक्षण पुण्यात आणि मग मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली. 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतल्या. नंतर भारतभर हिंडून त्यांनी नातेसंबंधांचा अभ्यास केला. 1953 चा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ ज्या लेखणीतून उतरला, तिनेच मराठीत महाभारतावरचं ‘युगान्त’ लिहिलं. वेगवेगळ्या प्रांतांतले नात्यांचे शब्द हा त्या इंग्रजी ग्रंथाचा कच्चा माल होता.

आता व्यवहाराचं. जर्मन माध्यमाच्या एम.ए.ला बहुधा जर्मनची सी-1 ही प्रगत पातळी लागते. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रमही आहेत. जर्मन शिकायला सुरुवात घराजवळच होऊ शकते : मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्यातच आहे, तर मॅक्सम्युलर भवन ही जर्मन संस्था काळा घोडा भागात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तजवीज व्हिसाआधीच दाखवावी लागते. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या शिष्यवृत्त्यांची मुदत मात्र प्रवेशाच्या बऱ्याच आधी संपते, तेव्हा तारखा आजच तपासाव्यात.