बाबासाहेबांचे घराणे : वंश आणि वारसा



राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनी लिहून ठेवल्या. आपल्या आज्या-पणज्यांची नावे कोणी लिहून ठेवली? माझ्या आजोबांच्या वडिलांचे नाव मी वडिलांना विचारले, तेव्हा ते खाली मान घालून गप्प बसले. म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांच्या घराण्याची माहिती आपण अभ्यासपूर्वक घेतली पाहिजे.

मूळ घराणे

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. कुळाचे आडनाव सकपाळ. गावावरून आडनाव घेण्याच्या रिवाजाप्रमाणे ते पुढे आंबेडकर झाले. आजोबा मालोजी हे इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते. वडील रामजी सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिले. ते कबीरपंथी होते. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या. तेही घराणे लष्करी पेशाचे. दिनांक 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना मायेने वाढविले.

येथे थोडे थांबून विचार करा. ज्या जातीला गावच्या शाळेची पायरी बंद होती, त्याच जातीच्या शिपायाला फौजेत अक्षरओळख मिळाली. आजोबांची नोकरी, वडिलांची शाळा आणि मुलाची विद्वत्ता अशी ही साखळी आहे. 19 व्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती थांबली, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत ही साखळी तुटली. बाबासाहेबांचे असामान्य कष्ट व बुद्धी यांच्यामागे दोन पिढ्यांची ही पुण्याई होती, हे विसरता कामा नये.

पुढील पिढ्या

माता रमाई व बाबासाहेब यांना पाच अपत्ये झाली : यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू व राजरत्न. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. राजरत्न 1926 साली गेला. रमाईंचे परिनिर्वाण 27 मे 1935 रोजी झाले. 1948 साली बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच माईसाहेब सविता आंबेडकर. 1956 च्या दीक्षेच्या वेळी त्या बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचे निधन 2003 साली झाले.

एकुलते उरलेले यशवंतराव, म्हणजे आपले भैय्यासाहेब. जन्म 1912, निधन 1977. बाबासाहेबांनी 1955 साली स्थापिलेल्या भारतीय बौद्ध महासभेची धुरा पित्यामागे त्यांनी वाहिली. भैय्यासाहेब व मीराताई यांची अपत्ये प्रकाश, रमा, भीमराव व आनंदराज. प्रकाश आंबेडकर राज्यसभेत व पुढे अकोल्यातून लोकसभेत गेले.

वारस कोण?

भगवान बुद्ध कपिलवस्तूस आले, तेव्हा त्यांना दारोदार भिक्षा मागताना पाहून शुद्धोदनाला लाज वाटली. आपल्या कुळात भिक्षा मागण्याची रीत नाही, असे तो म्हणाला. ती रीत तुमच्या राजवंशाची, माझा वंश बुद्धांचा, असे भगवंतांनी सांगितले. राहुलाने पित्याकडे वारसा मागितला, तेव्हा त्याला धन किंवा राज्य मिळाले नाही, प्रव्रज्या मिळाली.

बाबासाहेबांच्या रक्ताच्या नातलगांचा आपण आदर करावा. पण केवळ नावापुढे नमस्कार करून आपली जबाबदारी संपत नाही. जन्मावरून श्रेष्ठत्व मानायचे नाही, म्हणून तर आपण धम्म स्वीकारला. मग तेच माप आपल्या पूज्य घराण्यालाही लावले पाहिजे. रक्ताचा वंश चार-दोन घरांत मावतो. शिक्षणाचा व शीलाचा वारसा मात्र जो चालवील त्याचा.

अभ्यास

1. मालोजी, रामजी, भीमराव या तीन पिढ्यांत शिक्षण कसे वाढत गेले, ते मुलांना सांगा.
2. आपल्या घरातील चार पिढ्यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. आज्या-पणज्यांची नावे गाळू नका.
3. घरात पहिली शाळेत गेलेली व्यक्ती कोण, हे त्यात ठळक लिहा. ते नाव आठवणारे माणूस आज आहे. उद्या असेलच असे नाही.

जयभीम!