विद्यापीठाचे दार आणि मदतीचा हात

अपंग विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाचा विचार करताना प्रवेशाचा प्रश्नच बहुधा पुढे येतो. प्रवेश मिळाला की अडचण संपली, असा समज असतो. परंतु ज्याला अंथरुणातून उठण्यापासून पुस्तकाचे पान उलटण्यापर्यंत दुसऱ्याच्या हातांची गरज भासते, त्याची खरी परीक्षा प्रवेशानंतरच सुरू होते. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

1953 मध्ये, चौदा वर्षांचे असताना, रॉबर्ट्स यांना पोलिओ झाला. एका हाताची दोन बोटे व पायांची काही बोटे एवढीच हालचाल त्यांच्या देहात उरली. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यामुळे रात्री त्यांना ‘लोखंडी फुफ्फुसा’त झोपावे लागे. या नळकांड्यासारख्या यंत्रात डोके तेवढे बाहेर राहते आणि आतील हवेचा दाब कमीअधिक करून श्वासोच्छ्वास चालू ठेवला जातो. दिवसा मात्र हवेचे घोट गिळून श्वास घेण्याची कला त्यांनी प्रयासाने साध्य केली. शालेय शिक्षण त्यांनी बव्हंशी दूरध्वनीवरून घेतले. ते पूर्ण झाले तेव्हा व्यायाम आणि मोटार चालविणे हे विषय झाले नाहीत, या कारणासाठी शाळेने प्रमाणपत्र अडवून धरले. त्यांच्या आईने नेटाने लढा दिला, तेव्हा कुठे ते हाती पडले.

1962 मध्ये रॉबर्ट्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रात आले. राज्याच्या पुनर्वसन विभागाने प्रथम त्यांना आर्थिक साहाय्य नाकारले. एवढा अपंग मनुष्य नोकरी करू शकणार नाही, मग त्याच्या शिक्षणावर खर्च कशाला, असा विभागाचा हिशेब होता. वृत्तपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणल्यावर तो निर्णय बदलला. दुसरी अडचण निवासाची होती. लोखंडी फुफ्फुसाचे वजन सुमारे 360 किलो असल्याने वसतिगृहात त्याची सोय होईना. अखेरीस विद्यापीठाच्या आरोग्यसेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी आवारातील कॉवेल रुग्णालयात त्यांना खोली देऊ केली.

पुढच्याच वर्षी जॉन हेसलर तेथे आले आणि दशकाच्या अखेरीस अशा विद्यार्थ्यांची संख्या बाराच्या आसपास गेली. रुग्णालयात राहत असूनही ते रुग्ण नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची होती. रुग्णाला केव्हा उठवावे हे रुग्णालय ठरविते; विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या वेळेनुसार उठावे लागते. म्हणून आपले मदतनीस आपणच निवडावेत, त्यांना काम आपणच शिकवावे, अशी पद्धत तेथे रूढ झाली. पुढे पुनर्वसन विभागाच्या एका अधिकाऱ्याने दोघा विद्यार्थ्यांना तेथून काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वांनी एकजुटीने तो हाणून पाडला. मदत घेणारा मनुष्य मदत देणाऱ्याचा अंकित नसतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

याच अनुभवातून 1970 मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. मदतनीस मिळवून देणे, योग्य घरे शोधणे, चाकांच्या खुर्च्यांची दुरुस्ती करणे ही कामे त्यात होत. 1972 मध्ये बर्कले गावात ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ उभे राहिले. आणि 1975 मध्ये, ज्या विभागाने रॉबर्ट्स यांना नोकरीस अपात्र ठरविले होते, त्याच विभागाच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली.

भारतात 2016 च्या अधिनियमाने शासकीय व शासनाचे साहाय्य लाभलेल्या उच्च शिक्षण संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. या तरतुदीने दार उघडते. परंतु सकाळी कोण उठविणार, वर्गापर्यंत कोण नेणार, मदतनिसाचे वेतन कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे सत्रारंभापूर्वीच मिळाली पाहिजेत; आणि ती ठरविताना पहिला शब्द विद्यार्थ्याचा असला पाहिजे. आपल्याला काय हवे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.